भिंगाच्या नावात दडलेला मसूर

जानेवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील बुर्सा शहरावर सूर्योदयाच्या वेळी एक ढग दिसला. केशरी-गुलाबी रंगाचा, रेखीव कडांचा आणि मधोमध पोकळ वाटणारा हा ढग बराच वेळ एकाच जागी उभा होता. त्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या आणि अनेकांना त्यात उडती तबकडी दिसली. बातम्यांनी मात्र त्याचे शास्त्रीय नाव दिले: 'लेन्टिक्युलर क्लाउड'. हे विशेषण रोजच्या वापरातले नसल्यामुळे त्यासोबत एक ओळीचा खुलासाही येत असे, 'म्हणजे भिंगाच्या आकाराचा ढग'.

हा खुलासा चुकीचा नाही, पण तो शब्दाच्या मुळापर्यंत जात नाही. 'लेन्टिक्युलर' हा शब्द जिथून निघाला तिथे भिंग नव्हतेच, काचही नव्हती. तिथे होता आपल्या डाळीच्या डब्यातला मसूर. मसुरापासून भिंगापर्यंत आणि भिंगापासून ढगापर्यंत हा शब्द कसा पोहोचला, ते नीट पाहिले तर तो शब्द कळतोच, शिवाय डोळ्यांच्या दवाखान्यातल्या पाटीवरच्या एका शब्दाचाही उलगडा होतो.

शब्दाची फोड

इंग्रजीतले 'लेन्टिक्युलर' हे विशेषण लॅटिनमधील 'लेन्तिकुलारिस' या शब्दावरून आले. त्याच्या पोटात 'लेन्तिकुला' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ छोटा मसूर. 'लेन्तिकुला' हे पुन्हा 'लेन्स' या मूळ शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. लॅटिनमध्ये 'लेन्स' म्हणजे मसूर, ज्याची आमटी होते तोच. आजही वनस्पतिशास्त्रात मसुराचे रूढ नाव 'लेन्स क्युलिनॅरिस' असे आहे. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'स्वयंपाकाचा'. हे नाव प्रथम वाचणाऱ्याला वाटते की वनस्पतीच्या नावात कॅमेऱ्याचा भाग कसा काय शिरला. प्रत्यक्षात कॅमेऱ्यात मसूर शिरला आहे.

'लेन्स'मध्ये नसलेला 'ट' 'लेन्टिक्युलर'मध्ये कुठून आला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मराठी माणसाला सहज पटेल, कारण आपल्याकडेही मूळ शब्दात न दिसणारा वर्ण विभक्ती लागताच वर येतो. 'भाऊ' या शब्दात 'व' दिसत नाही, पण 'भावाला' म्हणताना तो येतो. 'विंचू'चे 'विंचवाला' होते. तसेच लॅटिनमध्ये 'लेन्स' हे कर्त्याचे रूप आणि 'मसुराचा' म्हणायचे असेल तर 'लेन्तिस'. नवे शब्द तयार होतात ते या दुसऱ्या रूपापासून. 'डेन्स' म्हणजे दात, त्याचे 'डेन्तिस' आणि त्यावरून आलेला 'डेन्टिस्ट' आपल्याला ठाऊक आहेच. (हा लॅटिन दात आणि आपला संस्कृत 'दन्त' एकाच घराण्यातले. मसुराच्या बाबतीत असे नाते नाही; 'लेन्स' आणि 'मसूर' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत.)

लघुत्वाचा प्रत्ययही आपल्या परिचयाचा आहे. डबा-डबी, लोटा-लोटी यांत आपण जे करतो, तेच लॅटिन भाषा '-कुला' किंवा '-कुलुस' लावून करते. इंग्रजीत स्नायूला 'मसल' म्हणतात, त्याच्या मुळाशी 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर आहे, कारण कातडीखाली हलणारा स्नायू रोमन माणसाला उंदरासारखा वाटला. आपल्याकडची मुले दंड फुगवून 'बेटकुळी' काढून दाखवतात, म्हणजे छोटी बेडकी. दोन्हीकडे दंडात एक छोटा प्राणी हलताना दिसला, आणि मला हे साम्य कोणत्याही व्युत्पत्तिकोशाइतकेच बोलके वाटते.

एक दाणा हातात घेऊन

पुढचे समजण्यासाठी अख्ख्या मसुराचा एक दाणा तळहातावर ठेवून पाहावा. वाटाणा किंवा हरभरा हात जरा कलला की घरंगळतो, मसूर मात्र आडवा पडून राहतो. तो वरून पाहिला तर जवळजवळ पूर्ण वाटोळा दिसतो. चिमटीत धरून कडेने पाहिला तर दोन्ही बाजूंना फुगीर आणि कडेला धारेसारखा निमुळता दिसतो. आता एखाद्या वाचनाच्या भिंगाकडे, ज्याने आजोबा पंचांगातली बारीक अक्षरे वाचतात, तसेच कडेने पाहावे. आकार तोच आहे. शाळेच्या पुस्तकात याला द्विबहिर्वक्र भिंग म्हणतात.

दाणा भिजत घालून सोलला की आणखी एक गोष्ट दिसते. साल सुटते आणि केशरी डाळीच्या दोन पाकळ्या वेगळ्या होतात. प्रत्येक पाकळी आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असते. भौतिकशास्त्रात या आकाराला समतल-बहिर्वक्र म्हणतात आणि अशीही भिंगे असतात. प्रकाशशास्त्राच्या धड्यातले दोन आकार एका दाण्यात मावलेले आहेत.

या आकाराला दुसरे सोपे नाव नव्हते, हे येथे महत्त्वाचे आहे. चेंडूला गोल म्हणता येते, नाण्याला चकती म्हणता येते. पण दोन्हीकडे फुगीर आणि कडेला पातळ अशा वस्तूला काय म्हणावे? भूमितीची लांबलचक व्याख्या करण्यापेक्षा 'मसुरासारखा' म्हटले की काम होते, कारण तो दाणा सर्वांनी पाहिलेला असतो. आपणही हेच करतो. समभुज चौकोन म्हणण्याऐवजी 'शंकरपाळ्याच्या आकाराचा' म्हटले की शिंप्यापासून फरशी बसवणाऱ्यापर्यंत सर्वांना कळते. गालावरच्या काळ्या ठिपक्याला आपण तीळ म्हणतो. रोमन लोक कातडीवरच्या तपकिरी डागांना मसुरावरून 'लेन्तिगो' म्हणत आणि त्वचारोगतज्ज्ञ आजही तोच शब्द वापरतात. आयुर्वेदात देवीच्या रोगाला 'मसूरिका' हे नाव आहे, कारण अंगावर उठणारे फोड मसुराएवढे आणि मसुरासारखे दिसत.

आधी विशेषण, मग भिंग

'लेन्टिक्युलर' म्हणजे 'लेन्ससारखा', तेव्हा लेन्स आधी आणि विशेषण नंतर आले असणार, असे कोणालाही वाटेल. इंग्रजी भाषेत मात्र क्रम उलटा आहे. हे विशेषण पंधराव्या शतकापासून इंग्रजीत दिसते आणि त्या वेळी त्याचा संबंध शस्त्रक्रियेशी होता.

कवटीला इजा झाली की हाड कापून काढण्याची शस्त्रक्रिया प्राचीन काळापासून होत आली आहे. तिच्यातला सर्वांत मोठा धोका असा, की हाडाखालच्या मेंदूच्या नाजूक आवरणाला पाते लागले तर रोगी दगावतो. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने यासाठी एका खास छिन्नीचे वर्णन केले आहे. तिच्या टोकाला मसुरासारखा गुळगुळीत, चपटा गोळा असे. तो गोळा आवरणावरून अलगद सरकत जाई आणि त्याच्या वरची धार हाड कापी. ग्रीकमध्ये मसुराला 'फाकोस' म्हणतात, म्हणून ते अवजार 'फाकोतोस' म्हणजे 'मसुरी'. मध्ययुगीन लॅटिन वैद्यकग्रंथांत त्याचेच 'लेन्तिकुलार' झाले आणि त्या ग्रंथांच्या भाषांतरांतून तो शब्द इंग्रजीत आला.

काचेची भिंगे तोवर वापरात आलेली होती. १३०६ साली फ्लॉरेन्समधल्या एका प्रवचनात जोर्दानो नावाच्या धर्मगुरूने सांगितले, की चष्मा करण्याची कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. पण त्या काचांना एकच ठरलेले नाव नव्हते. पुढे आकारावरून त्यांना मसूर म्हणण्याचा प्रघात पडला. योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६११ साली प्रकाशाच्या वक्रीभवनावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, त्यात काचेच्या भिंगासाठी 'लेन्स' हा शब्द आहे. इंग्रजीत तो या अर्थाने सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. म्हणजे इंग्रजीत 'मसुरासारखा' हे विशेषण 'लेन्स' या नामापेक्षा दोन-अडीचशे वर्षांनी जुने आहे.

नाव भिंगावरून मसुराला मिळाले नसेल कशावरून, अशी शंका कोणी काढील. मसूर हे मानवाने पिकवलेल्या सर्वांत जुन्या पिकांपैकी एक असून पश्चिम आशियात त्याची लागवड सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून होत आहे. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात एसाव आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावाला विकतो तो मसुरीच्या कालवणासाठी. चष्म्याला मात्र अजून साडेसातशे वर्षेही पूर्ण झालेली नाहीत. त्यामुळे या शंकेला फारसा वाव उरत नाही.

दुसरी शंका वसई-गोव्याकडील ख्रिस्ती वाचकांना येऊ शकते. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाला 'लेंट' म्हणतात आणि मसुराला इंग्रजीत 'लेंटिल'. उपवासात मांस वर्ज्य, डाळ चालते, म्हणून हे नाव पडले का? तसे नाही. 'लेंट'चे मूळ जुन्या इंग्रजीतील वसंत ऋतूच्या नावात आहे आणि त्याचा संबंध दिवस लांबत जाण्याशी आहे. उच्चारातले साम्य हा योगायोग आहे.

दवाखान्याच्या पाटीवरचा मसूर

तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर 'बिनटाक्याची फेको शस्त्रक्रिया' अशी पाटी हमखास असते. मोतीबिंदू झालेल्या घरातल्या कोणाचे तरी 'फेको झाले' असे आपण सहज म्हणतो. हे 'फेको' म्हणजे तोच ग्रीक 'फाकोस', मसूर.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक अवयव असतो, ज्याला आपण नेत्रभिंग म्हणतो. इ. स. १००च्या सुमारास एफेसस येथील ग्रीक वैद्य रूफस याने शरीराच्या अवयवांच्या नावांवर लिहिताना नोंदवले, की या अवयवाला आकारावरून 'फाकोएइदेस' म्हणजे मसुरासारखा म्हणतात. पूर्ण वाढलेल्या माणसाचे नेत्रभिंग साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाचे आणि ४ मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते, म्हणजे एखाद्या टपोऱ्या मसुराहून थोडे मोठे. त्याची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा अधिक फुगीर असते, एवढाच काय तो फरक.

हे नेत्रभिंग गढूळ झाले की मोतीबिंदू होतो. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली एक नवी पद्धत प्रचारात आणली. दातांवरचे कीटण काढण्यासाठी दंतवैद्य जे ध्वनिकंपनांचे उपकरण वापरतात, त्यावरून त्यांना ती सुचली होती. अशा कंपनांनी गढूळ भिंगाचे डोळ्यातच बारीक कण करायचे आणि तीन मिलिमीटरच्या आतल्या छेदातून ते शोषून घ्यायचे. त्या पद्धतीच्या लांबलचक नावाचा पहिला भाग 'फेको', म्हणून आपल्या बोलण्यात तेवढेच उरले. नंतर बसवतात ते कृत्रिम भिंग, ज्याला आपण 'लेन्स बसवली' म्हणतो. एकाच शस्त्रक्रियेत ग्रीक मसूर काढतात आणि लॅटिन मसूर बसवतात.

इतर भाषांतही हे नाते उघड आहे. जर्मन 'लिन्झे' आणि फ्रेंच 'लांतीय' या शब्दांचा अर्थ मसूरही होतो आणि भिंगही. अरबीत मसूर 'अदस', तर भिंग 'अदसा'. फारसीत 'अदसी' म्हणजे मसुराचे सूपही आणि भिंगही. मराठीतले 'भिंग' मात्र या कुळातले नाही. म्हणूनच आपल्याला हे नाते सांगावे लागते आणि जर्मन मुलाला ते आपोआप कळते.

सुश्रुतानेही मसूर लिहिला, मग शब्द आपलाच का?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे विवेचन आहे आणि तिथे 'दृष्टी' या भागाचे वर्णन 'मसूरदलमात्रां' असे येते, म्हणजे मसुराच्या डाळीएवढी. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात शरीराच्या मार्गांत अडकलेली बाह्य वस्तू काढण्यासाठी मसूरदलाएवढ्या तोंडाच्या, टोकाशी किंचित वाकलेल्या दोन शलाका सांगितल्या आहेत. इकडे गेलनची मसुरी छिन्नी आणि तिकडे सुश्रुताची मसुरी शलाका, इकडे रूफसचे मसुरासारखे नेत्रभिंग आणि तिकडे मसुराएवढी दृष्टी. हे साम्य वाचताना मन हरखून जाते आणि 'हा शब्द मुळात आपलाच' असे म्हणण्याचा मोह होतो.

तो मोह आवरलेला बरा. 'मात्रा' म्हणजे माप. सुश्रुत डाळीएवढा आकार, म्हणजे मोठेपणा, सांगतो; रूफस आकृती सांगतो. शिवाय सुश्रुत त्याच ठिकाणी दृष्टीला 'विवराकृती' म्हणजे छिद्रासारखी म्हणतो, आणि नेत्रभिंगापेक्षा बाहुलीला ते वर्णन अधिक लागू पडते. एका परंपरेने दुसरीकडून हे नाव घेतले असे दाखवणारा दुवा या ओळींत नाही. दोन्हीकडच्या वैद्यांच्या घरी मसूर शिजत होता आणि बारीक, ठरावीक आकाराची वस्तू सांगताना दोघांना तोच आठवला, एवढे म्हणणे पुरेसे आहे. सुश्रुताच्या निरीक्षणाचे मोल यामुळे कणभरही कमी होत नाही.

मधोमध खोल असलेल्या काचेला मसूर कसे म्हणता येईल?

दूरचे अंधुक दिसणाऱ्यांच्या चष्म्याची काच मधोमध पातळ आणि कडेला जाड असते. ती मसुराच्या अगदी उलट आहे, तरी तिला लेन्सच म्हणतात. हे विसंगत वाटते, पण शब्द असेच पसरतात. संस्कृतातील 'तैल' म्हणजे तिळापासून काढलेले. आज आपण शेंगदाण्याचे तेल, करडईचे तेल म्हणतो आणि त्यात तिळाचा एक दाणाही नसतो. तेल हा शब्द तिळापासून सुटून कामाला चिकटला. 'लेन्स'ही तसाच मसुरापासून सुटला आणि प्रकाश वळवणाऱ्या कोणत्याही वक्र काचेला चिकटला.

या पसरण्याचा परिणाम 'लेन्टिक्युलर'वरही झाला आणि त्याला दोन अर्थ आले. पहिला जुना, 'मसुराच्या आकाराचा'; दुसरा नवा, 'भिंगांनी बनलेला'. जत्रेत मिळणारी ती चित्रे आठवावीत, ज्यात एका बाजूने पाहिले तर गणपती आणि जरा कलले की लक्ष्मी दिसते. कंपासपेटीत अशा पट्ट्याही असत. त्यांच्यावर नख फिरवले तर बारीक उभ्या रेघा लागतात आणि करकर आवाज येतो. प्रत्येक रेघ म्हणजे एक लांबट भिंग असून त्याखाली दोन्ही चित्रांच्या अरुंद पट्ट्या आलटून पालटून छापलेल्या असतात. डोळ्याचा कोन बदलला की भिंग आपल्याला दुसरी पट्टी दाखवते. या छपाईलाही 'लेन्टिक्युलर'च म्हणतात. पण त्या रेघा अर्ध्या कापलेल्या नळीसारख्या असतात, त्यांच्यात मसुराचा आकार शोधू गेले तर सापडणार नाही.

ढगाच्या बाबतीत मात्र जुना अर्थ शंभर टक्के लागू आहे. ओढ्यात पाण्याखाली मोठा दगड असेल तर त्याच्यावरून आणि पुढे पाण्याला उंचवटे येतात. पाणी वाहत राहते, उंचवटा जागचा हलत नाही. डोंगरावरून जोरात आणि स्थिर थरांत वाहणाऱ्या हवेलाही अशाच लाटा येतात. लाटेच्या माथ्याकडे चढताना हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. उतरताना ती तापते आणि थेंब पुन्हा विरतात. म्हणून माथ्यावर तेवढा ढग दिसतो, कडांना तो पातळ होत जातो आणि वारा सुसाट असूनही तो उभा राहिल्यासारखा वाटतो. बुर्सा शहर उलुदाग या अडीच हजार मीटरहून उंच पर्वताच्या पायथ्याशी आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. लडाखमध्येही असे ढग दिसतात. आकाशगंगांचे वर्गीकरण करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी सर्पिल आणि लंबगोल या दोन प्रकारांच्या मधल्या आकाशगंगांना हेच विशेषण दिले, कारण कडेने पाहिल्या तर त्या मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळत्या दिसतात.

मराठीत काय लिहावे?

भाषांतर करताना 'भिंगाकार' हा शब्द सर्रास वापरला जातो. ढगासाठी आणि आकाशगंगेसाठी मला 'मसुराकार' अधिक योग्य वाटतो. तो मूळ अर्थाला धरून आहे, आणि 'भिंग' म्हटल्यावर मूठ लावलेले वाटोळे वाचनभिंग डोळ्यांसमोर येते, कडेने पाहिलेला फुगीरपणा येत नाही. मसूर म्हटल्यावर तो येतो. जत्रेतल्या चित्रांसाठी मात्र 'मसुराकार' चालणार नाही. तिथे 'भिंगपट्टीची छपाई' असे काहीतरी म्हणावे लागेल, कारण तिथे आकाराचा प्रश्न नसून काम भिंगाचे आहे.

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केल्या जाणाऱ्या एका नव्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या आतून एक पातळ तुकडा लेसर किरणांनी कापून बारीक छेदातून बाहेर काढतात. डॉक्टर त्याला 'लेन्टिक्यूल' म्हणतात. हा तुकडा आकाराने मसुरासारखा असतो आणि कामाने भिंगासारखाही, कारण तो काढला की तेवढी भिंगाची ताकद डोळ्यातून कमी होते. त्याला मराठीत 'मसूरदल' म्हणायला काहीच हरकत नाही; शब्द सुश्रुतसंहितेत तयार आहे.